परक्यांचं करायला

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं भराभर लावून दिलेली सदऱ्याची बटणं तो वरून एकेक करून काढायला लागला. पहिलं काढलं, दुसरं काढलं, तिसऱ्यापाशी बोटं अडखळली, बटण निसटलं, परत सापडलं, आणि तेही निघालं. ती समोर उभी. एक काम चटकन हातावेगळं केल्याचं बारीकसं समाधान तिच्या चेहऱ्यावर अजून तसंच होतं, कारण त्याला उतरायला वेळच मिळाला नव्हता. सगळी बटणं काढून झाल्यावर म्हाताऱ्यानं दम घेतला, सदऱ्याच्या दोन्ही बाजू ओढून सारख्या केल्या, आणि अगदी खालच्या काजापासून पुन्हा सुरुवात केली. हा माणूस आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करायचा. शुश्रूषा केंद्रात सगळे त्याला घड्याळजी म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा.

"काकू, काय केलंत हे?" दारातून सिस्टरचा आवाज आला. सिस्टर म्हणजे इथली मुख्य नर्स, आणि शिकायला आलेल्यांची मास्तरीणही तीच. वयानं हिच्या मुलापेक्षा लहान.

"कुठं काय, बटणं लावून दिली. कधीचे धडपडत होते बिचारे."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? दिसत होतं की."

"दिसलं तुम्हाला," सिस्टर म्हणाली. "जेवण आपण आणून देतो, अंघोळ आपण घालतो, गोळ्या आपण देतो. दिवसभरात स्वतःचं म्हणून त्यांच्याकडे एवढं एक काम उरलंय. तेही तुम्ही हिसकावून घेतलंत. आता उभ्या राहा आणि बघा. हात लावायचा नाही. सोमवारी परीक्षेत मी हेच बघणार आहे, आधीच सांगते. काम येतं का ते बघणारच नाही. काम तुम्हाला येतंच."

तर ती उभी राहिली. आणि उभं राहणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं. घड्याळजीची बोटं बटणापर्यंत पोचायची आणि काजाच्या तोंडाशी येऊन घसरायची. तो थांबायचा, बोटं सदऱ्याला पुसायचा, परत धरायचा. इकडे हिच्या दंडातून खाली काहीतरी सळसळत यायचं आणि बोटांच्या टोकाशी येऊन ठणकायचं. अक्षरशः ठणकायचं. जणू हात तिचे नव्हतेच, कोणीतरी तिच्या खांद्यांना जुंपून ठेवले होते आणि आता ते दावणीला ओढ देत होते. किती वर्षं झाली, हे हात पुढे जातात आणि ही मागून जाते. पोराच्या बुटाची नाडी, नवऱ्याचा डबा, सासूची वेणी, सासूचे पाय, सासूचं अंथरूण. सकाळी सासूला उठवून बसवायचं तेव्हा गॅसवर दूध असायचं, नळाला पाणी आलेलं असायचं, पोरगा मोजे शोधत बोंबलत असायचा. सासू म्हणायची, मी घालते गं हळूहळू. हळूहळू! त्या घरात हळूहळूला जागा कुठं होती? एका हातानं बाही ओढायची, दुसऱ्यानं केस वर करायचे, आणि झालं. हे आठवल्यावर आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला क्षणभर वाटून गेलं. सिस्टरच्या त्या एवढ्याशा वाक्यानं एखादीला जन्माचं वाईट वाटलं असतं. पण छे, तिला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट संताप आला. त्या घरात दोन धडधाकट मुलगे होते त्या बाईचे. एक रोज सकाळी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचा. दुसरा रविवारी येऊन आईचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, वहिनी, तुमच्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत. आल्यागेल्या प्रत्येकानं म्हटलं, सून असावी तर अशी. ते ऐकून ही खूश व्हायची, हे मात्र खरं. आता आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा, की बाई, काय स्वस्तात गेलीस तू!

वरचं बटण लागायला फार वेळ लागला. लागलं तेव्हा घड्याळजीनं कॉलर सारखी केली, पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उभं राहायला आलं तुम्हाला. बस म्हटलं तर माणसं बसतात, पण उभं राहा म्हटलं की पळून जातात."

ती हसली. मग तिला हसू आवरेना. मग सिस्टरही हसली.

बसमध्ये खिडकीशी बसून ती आपल्या हातांकडे बघत राहिली. जंतुनाशकाचा वास बोटांना चिकटला होता, साबणानं घासूनही जात नाही असा. नवऱ्याला तो वास सहन होत नाही. केंद्रातून आली की तो नाक वर करून म्हणायचा, आल्या आयाबाई. पहिल्या दिवशी तर त्यानं डोक्याला हात लावला होता. "आया होणार तू? या वयात? लोक काय म्हणतील? म्हणतील, याची बायको परक्यांचं हगणंमुतणं काढते." तो निवृत्त झाला त्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी भाषणं केली होती, चामड्याची एक बॅग दिली होती, एकजण तर रडला होता. ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर नवऱ्यानं बूट काढले, खुर्चीत बसला आणि म्हणाला, सुटलो बुवा, आता आराम. आणि मग म्हणाला, चहा टाक. ती चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशी उभी असताना तिच्या मनात आलं, की मला कोण सोडवणार? माझं भाषण कोण करणार? हा विचार आला आणि गेला नाही, बसला तो बसलाच. सासू जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. रिकाम्या झालेल्या त्या खोलीत ती दुपारी नुसतीच जाऊन बसायची. भाजी घेऊन येताना एका फाटकावर पाटी दिसायची, वृद्धांच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण, वयाची अट नाही. पाटी ती रोजच बघायची. एके दिवशी भाजीची पिशवी तशीच हातात घेऊन आत शिरली. विचारलं, मला घ्याल का? सिस्टरनं तिला खालून वर बघितलं आणि विचारलं, माणूस उचलता येतो? तिनं सांगितलं, बारा वर्षं उचललाय. सिस्टर म्हणाली, म्हणजे चुकीचा उचलला असणार, कंबर दुखते ना? दुखत होती.

फोन वाजला. नवरा होता. आवाजात एक प्रकारची लगबग, कचेरीत साहेब यायचे असले की असायची तशी. धाकट्या भावाला रविवारी दवाखान्यातून सोडणार. म्हणजे तिचे भावजी, तेच ते निर्धास्त असणारे. महिन्यापूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. बायको आधीच गेलेली, मुलगी दूर देशात, ती येऊन राहून परत गेलेली. स्वयंपाकाला बाई आहे, पण बाकीचं? "मग मी सांगून टाकलं मुलीला," नवरा म्हणाला, "काळजी करू नकोस, तुझी काकू आहे. तू रविवारपासून तिथंच राहायला जा. मी इकडचं बघून घेईन कसंतरी."

"सोमवारी माझी परीक्षा आहे."

"अगं, परीक्षा काय पळून जाते?"

"पळून जाते. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर. आणि पास झाले तर लगेच कामावर घेणार आहेत मला. सांगितलं होतं तुम्हाला."

"ते काम, ते काम!" नवऱ्याचा आवाज चढला. "तेच काम घरी करायचं आहे की! तू शिकलीस ते कशासाठी शिकलीस मग?"

बसमध्ये माणसं होती म्हणून तिनं फोन ठेवून दिला. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी पोचेपर्यंत मुलाचाही फोन येऊन गेला. मुलगा दुसऱ्या शहरात असतो, बोलतो मात्र असा की जसा काही शेजारच्या खोलीतच आहे. आई, बाबांचं म्हणणं बरोबर आहे गं. परक्या माणसांसाठी एवढं शिकलीस, मग आपल्या माणसांसाठी वापर ना. काकांचं दुसरं कोण आहे? गंमत म्हणजे तो वाईट बोलत नव्हता. प्रेमानंच बोलत होता. प्रेमानं बोलणाऱ्यांपुढे तिची नेहमी हार व्हायची. आणि काकांचं दुसरं कोणी नव्हतं, हेही खरंच. भावजी माणूस म्हणून वाईट नव्हते. दर रविवारी येताना आठवणीनं हिच्यासाठी काहीतरी आणायचे. माणूस अंथरुणाला खिळलाय आणि आपण परीक्षा परीक्षा करतोय, लाज नाही वाटत? विचारलं तिनं स्वतःला. जिना चढता चढता विचारलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत जरा जरा वाटली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं, नवरा खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होता, आणि ती आत आल्यावर मान वर न करता म्हणाला, "तुझी बॅग भरायला घे, आयत्या वेळी धांदल नको." मग लाज पार गेली.

"मी तिकडं राहिले की तुम्ही काय करणार?" तिनं विचारलं.

"मी? म्हणजे काय? जेवायला येईन की तिकडे. दोन्ही वेळ."

"आणि भावजींना विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? तो काय नको म्हणणार आहे? त्याला नीट बोलता तरी येतंय का?"

शनिवारी केंद्रात सराव होता. आळीपाळीनं एकीनं आजारी व्हायचं आणि दुसरीनं तिचं करायचं. हिला पहिल्यांदा आजारी केलं, कारण वजन बरं होतं. बाकीच्या पोरींना उचलायला मजा आली. मग एका पोरीनं पलंगावर तिला कुशीवर वळवलं, पॉट खाली सरकवायची तयारी केली, आणि विचारलं, काकू, सरकवू? खोटं खोटंच होतं सगळं. अंगावर पूर्ण कपडे. पॉट कोरडा, नवा. तरीही तिचं सगळं अंग आक्रसलं, कानशिलं तापली, आणि डोळे मिटून घ्यावेसे वाटले. पोर मैत्रिणीसारखी होती, रोज डब्यातलं खायला द्यायची. तरीही. छताकडे बघत पडल्या पडल्या तिला वाटलं, ही पोर जर आपल्या नात्यातली असती, रोज हिच्यापुढं आपण वडीलधारेपणा मिरवलेला असता, तर? आणि मग भावजी डोळ्यांपुढं आले. इस्त्रीचे कपडे घालून रविवारी येणारे. तिच्यासमोर कधी बनियनवरही न बसलेले. एकदा पाय घसरून पडले तेव्हा गुडघ्याला औषध लावायला ही पुढे झाली तर पँट वर करायलासुद्धा तयार नव्हते, म्हणे, दादा लावेल. दादानं लावलं नव्हतं. दादाला रक्त बघवत नाही.

"काकू, सांगा ना, सरकवू?" पोरीनं परत विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आज नको. पण तू विचारलंस ते बरं केलंस."

सिस्टर बाजूलाच होती. तिनं पोरीला पॉट बाजूला ठेवायची खूण केली.

रविवारी दवाखान्याच्या गाडीनं भावजींना घरी आणलं. गाडीवरच्या दोघांनी त्यांना पलंगावर ठेवलं, सही घेतली आणि निघून गेले. मग खोलीत तिघंच उरले. भावजींचा चेहरा एका बाजूनं सैल पडला होता, त्यामुळे ते सतत कशावर तरी नाराज आहेत असं वाटत होतं. कदाचित होतेही. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. तिनं विचारलं, भावजी, पडदा ओढू? त्यांनी मान हलवली, हो. तिनं पडदा ओढला. नवरा दारापाशी बॅग घेऊन उभा होता. तिची बॅग, ती त्यानंच भरली होती अखेर, आणि त्यात काय काय भरलं होतं देव जाणे. बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "चला. आता तू आहेस म्हटल्यावर..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यानं घड्याळात बघितलं.

तेवढ्यात भावजींनी काहीतरी आवाज केला. जड जिभेनं, एकच शब्द. नवऱ्याला कळला नाही. तिला कळला. उजवा हात त्यांनी चादरीवर पोटाशी नेला होता आणि डोळे भिंतीकडे वळवले होते. पलंगाखाली दवाखान्यातून आलेलं लघवीचं भांडं होतं.

"त्याला लघवी लागली वाटतं," नवरा म्हणाला, आणि सवयीनं दोन पावलं मागं सरकला, तिला वाट करून द्यायला.

तिला वाट हवीच नव्हती. ती भावजींच्या उशाशी गेली, वाकली आणि विचारलं, "भावजी, मी करू, का दादानं करायचं?"

भावजी भिंतीकडेच बघत राहिले. मग त्यांच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. "दा-दा," ते म्हणाले. जिभेवर एवढं ओझं असूनही शब्द स्वच्छ आला.

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "या इकडे."

"मी? अगं, मला कुठं... मी कधी..." नवऱ्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती. सगळी हयात त्यानं फायलींवर सह्या केल्या होत्या, आणि आता त्याला कोणीतरी विहिरीत उतर म्हणत होतं. तिला त्याची दयाही आली. कीव नाही, दयाच. पण दया आली म्हणून ती पुढे झाली नाही.

"मी बाहेर उभी राहते. तिथून सांगते. ऐका आणि करा."

ती खोलीबाहेर गेली, दार अर्धं ओढून घेतलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. समोर भावजींच्या घरातला लहानसा बोळ, भिंतीवर कॅलेंडर, स्वयंपाकाची बाई ओट्यापाशी हातातलं काम सोडून कान टवकारून उभी.

"आधी त्यांना सांगा काय करणार आहात ते."

आतून नवऱ्याचा आवाज आला, चाचरत. "मी आता... हे करणार आहे." मग भावजींचा घशातला एक आवाज.

"चादर सगळी ओढायची नाही. लागेल तेवढीच. गुडघे वर करा त्यांचे. डाव्या गुडघ्याखाली हात घाला, तो आपोआप येणार नाही. ओढू नका. हात घाला, मग उचला."

"जड आहे गं!"

"माणूस आहे. जड असणारच."

आत बरीच खुडबुड झाली. काहीतरी खाली पडलं, नवरा अरे अरे म्हणाला. स्वयंपाकाची बाई पुढे यायला निघाली, तिला हिनं हातानंच थांबवलं. तिला वाटत होतं, आपण आत जावं, एका झटक्यात सगळं करावं, दोन मिनिटांचं काम. वाटणारच. जन्माची सवय. ती कॅलेंडरवरचे आकडे बघत राहिली.

"भांडं नीट तिरकं धरा. आणि आता बोलू नका. त्यांच्याकडे बघू नका. खिडकीकडे बघा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो आवाज आला, आधी थांबत थांबत, मग सलग. आणि त्या आवाजाच्या मध्येच दुसरा एक आवाज यायला लागला. तिला वाटलं भावजी रडतायत. ती वळणारच होती. पण ते रडत नव्हते. अर्ध्या तोंडानं, खरखरत, ते हसत होते. नवरा आधी ओरडला, "हसतोस काय गाढवा, सांडेल ना!" आणि मग तोही हसायला लागला. लहानपणी दोघं एका अंथरुणात झोपायचे, असं सासू सांगायची. त्या वयात ते असेच हसत असतील. ती बोळात उभी होती आणि तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला असा काही राग आला होता की विचारू नका. एवढं सोपं होतं! एवढं जवळ होतं! आईच्या वेळीही येऊ शकले असते की दोघं या दारातून आत. कोणी अडवलं होतं?

नवरा बाहेर आला. दोन्ही हातांनी भांडं धरलेलं, अंगापासून लांब, कपाळावर घाम. "हे कुठं ओतू?"

"संडासात. मग भांडं धुवा. मग हात धुवा, साबणानं. मग परत जा आणि चादर सारखी करा. पाठीखाली सुरकुती राहिली तर कातडी सोलवटते."

तो तसाच उभा. मग गेला. पाण्याचा आवाज आला. परत आला तेव्हा ती पायांत चपला घालत होती, आणि तिची बॅग तिच्या खांद्याला होती.

"कुठं निघालीस?"

"घरी. सकाळी परीक्षा आहे. त्यांना दर दोन-अडीच तासांनी कूस बदलून द्या. पाणी बसवून पाजा, आडवं असताना नाही, ठसका लागेल. बुधवारी येईन मी बघायला."

"बुधवारी?" नवऱ्याचे हात अजून ओले होते. तो ते कुठं पुसावेत ते न कळून तसेच धरून उभा होता. "आणि तोपर्यंत? अगं, भाऊ माझा आहे म्हणून काय झालं, मला यातलं काय येतं? मला कोणी शिकवलंय?"

"आत्ता कोणी शिकवलं मग?" ती म्हणाली.

आतून भावजींनी पुन्हा आवाज दिला, "दा-दा." नवऱ्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आत बघितलं, आणि ओले हात सदऱ्याला पुसत आत गेला. ती दार ओढून घेऊन बाहेर पडली.